व्हॅलहाइममध्ये निवांतपणे घर बांधायचे असेल, तर हल्ले बंद ठेवावेत का?

प्रश्न
कोलशेतकर, ठाणे

नमस्कार. व्हॅलहाइम हा खेळ मी गेल्या उन्हाळ्यापासून खेळतो आहे आणि त्याविषयीचा एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे. तो येथे जरा सविस्तर मांडतो.

माझी नोकरी ऐरोलीत असून पाळी दुपारची असते. रात्री ठाण्याची लोकल पकडून आणि स्टेशनवरून रिक्षा करून कोलशेतला घरी पोहोचेपर्यंत साडेदहा वाजतात. जेवण उरकले की घरातली मंडळी झोपतात आणि मला तासभर निवांत वेळ मिळतो. त्या तासात मला बंदुका, घड्याळाशी शर्यत किंवा अनोळखी लोकांशी चढाओढ यांतले काहीही नको असते. व्हॅलहाइम मला आवडला तो त्यातील घरबांधणीमुळे. लाकूड तोडावे, खांब रोवावेत, वासे चढवावेत, छपरावर गवत घालावे आणि आत शेकोटीजवळ बसून बाहेरचा पाऊस ऐकावा, एवढ्याने माझा दिवसभराचा शीण जातो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनमधील आयर्न गेट या छोट्या चमूने तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, काम चालू असतानाच, लोकांसाठी खुला केला. मरण पावलेला एक वायकिंग योद्धा जंगल, दलदल, डोंगर अशा प्रदेशांच्या एका अफाट जगात रिकाम्या हातांनी उतरतो आणि तेथे अन्न, निवारा व हत्यारे स्वतः मिळवतो, असे त्याचे स्वरूप आहे.

गेल्या पंधरवड्यात मी नदीकाठी एक मोठे दालन बांधायला घेतले. रोज थोडे थोडे करत आठ दिवसांत चारही भिंती उभ्या राहिल्या. बुधवारी रात्री छपराचे आढे जोडायला बसलो. दोन्ही बाजूंनी दोन दोन तुकडे बसले, मधला तुकडा बसवताच काडकन आवाज झाला आणि तो खाली आला. मी तो तीन वेळा बसवला आणि तिन्ही वेळा तो कोसळला. गुरुवारी छपराची ती फट तशीच ठेवून तिच्यापासून दूर, भिंतीलगत शेकोटी मांडली, तर त्या कोपऱ्यात धूर कोंडला आणि माझ्या पात्राची प्रकृती घटू लागली. शुक्रवारी पडद्यावर जंगल हलत असल्याची सूचना झळकली, ग्रेड्वार्फ नावाचे ते हिरवट वनचर चहूबाजूंनी आले आणि त्यांनी पूर्वेकडची भिंत फोडली. मी त्यांना हुसकावून लावले खरे, परंतु तोवर साडेबारा वाजून गेले होते आणि अंथरुणावर पडल्यावरही मला बराच वेळ झोप लागली नाही.

खारघरला माझा मावसभाऊ राहतो. दर रविवारी आम्ही दोघे मिळून याच जगात खेळतो. हल्ले बंद करण्याचा विचार मी त्याला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, ‘मग त्या भिंती कशासाठी उभ्या करतोस?’ त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. हल्ले बंद करून खेळल्यास या खेळाचा गाभा नाहीसा होतो का? तसे नसेल, तर कोणते धोके ठेवावेत आणि कोणते काढावेत? छपराचे आणि धुराचे काय करावे, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.


उत्तर १
पामबीच, नेरूळ

कोलशेतकर, तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला, कारण मीही हा खेळ रात्रीच खेळते. आधी सेटिंगविषयी लिहिते.

२०२३ मध्ये या खेळात वर्ल्ड मॉडिफायर नावाची सोय आली. जग निवडण्याच्या पडद्यावर ती सापडते आणि चालू असलेल्या जुन्या जगालाही लागू करता येते, त्यामुळे तुमचे दालन सोडून नव्याने सुरुवात करण्याची काही गरज नाही. लढाईची काठिण्यपातळी, मरणाचा दंड, साहित्याचे प्रमाण, हल्ल्यांची वारंवारता आणि पोर्टलमधून, म्हणजे एका जागेवरून दूरच्या जागी क्षणात नेणाऱ्या दारातून, काय नेता येते, या पाच गोष्टी तेथे वेगवेगळ्या ठरवता येतात. हल्ले पूर्णपणे बंद करता येतात किंवा नुसते विरळही करता येतात. साहित्य दीडपट, दुप्पट किंवा तिप्पट मिळेल असे करता येते. एरवी तांबे, कथील, लोखंड या धातू पोर्टलमधून जात नाहीत आणि त्या होडीतून किंवा हातगाडीवरून वाहून आणाव्या लागतात. तेही बंधन काढता येते.

तुमच्या जागी मी असते तर हल्ले बंद केले असते, साहित्य दीडपट केले असते आणि बाकी सर्व मूळ स्थितीत ठेवले असते. तिप्पट साहित्याचा मोह मात्र आवरावा. मी तो प्रयोग केला आहे. एक झाड तोडले की पेटी भरते, मग जंगलात जाण्याचे कारणच उरत नाही, आणि जंगलात गेल्याखेरीज परत येण्याचे सुखही मिळत नाही. हॅमर नावाची एक तयार योजना आहे. तिच्यात बांधकामाला साहित्यच लागत नाही आणि प्राणी आपणहून अंगावर येत नाहीत. एखादा नकाशा मनात असेल आणि तो उभा राहिलेला पाहायचा असेल, तर ती उत्तम आहे. पण दिवसभराच्या कामानंतर हाताला जो उद्योग हवा असतो, तो तिच्यात मिळत नाही असा माझा अनुभव आहे.

हल्ले ठेवूनही त्यांचा त्रास कमी करता येतो. हे वनचरांचे हल्ले एकथिर या पहिल्या बलाढ्य प्राण्याला हरवल्यानंतर सुरू होतात, म्हणजे त्याच्या शिंगांची कुदळ तुमच्याकडे नक्की असणार. तिने घराभोवती खोल चर खणावा. ग्रेड्वार्फ तो ओलांडून भिंतीपर्यंत येऊ शकत नाहीत, लांबून दगड तेवढे मारतात. शिवाय आपण घराच्या आसपास असतो तेव्हाच हल्ला होतो. आपण दूर कोठे गेलो असताना घर कोणी उद्ध्वस्त करत नाही, आणि खेळ बंद असताना तर त्या जगातला काळच थांबलेला असतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. चार दिवस खेळता आले नाही, तरी गाजराचा वाफा आणि मधाची पेटी आपण सोडली तशीच आपली वाट पाहत असते.


उत्तर २
पांडवकडा, खारघर

वर ज्याचा उल्लेख झाला तो मावसभाऊ मीच. दादाने प्रश्न मांडला आहे तर माझी बाजूही नीट मांडतो.

हल्ले हा या खेळातला उपद्रव आहे असे मला मुळीच वाटत नाही. घर कोठे बांधावे, दार कोणत्या दिशेला ठेवावे, खिडकी किती उंचीवर घ्यावी, भट्टी आत ठेवावी की बाहेर, हे सगळे निर्णय कोणीतरी येणार आहे या जाणिवेमुळे घ्यावे लागतात. ती जाणीव काढून टाकली, तर दार कोठेही चालते आणि मग दार हे केवळ शोभेचे ठरते. दादाने नदीकाठची जागा निवडली तेव्हा एका बाजूने पाण्याचे संरक्षण मिळेल हाच विचार आम्ही दोघांनी केला होता आणि त्यावर अर्धा तास बोललो होतो. माझ्यासाठी त्या रविवारचा तोच सर्वांत आनंदाचा अर्धा तास होता.

दुसरे असे, की हा खेळ मुळातच दयाळू आहे. या प्रकारच्या अनेक खेळांत भूक लागली की पात्र तडफडून मरते. येथे तसे होत नाही. एका वेळी तीन प्रकारचे पदार्थ खाता येतात आणि ते आपले आयुष्य व दम वाढवतात. काहीच खाल्ले नाही तरी आयुष्य २५ वर टिकून राहते, केवळ भुकेने मरण येत नाही. म्हणजे जेवण ही शिक्षा टाळण्याची धडपड नसून मोहिमेची तयारी असते. बांधलेली वस्तू हातोड्याने उतरवली तर तिला लागलेले साहित्य जसेच्या तसे परत मिळते, त्यामुळे चुकीची भिंत काढून पुन्हा बांधण्यात काहीच वाया जात नाही. इतकी माफी असलेल्या खेळात अधूनमधून येणारा एक हल्ला तेवढा आपल्याकडून काही मागतो. तोही काढला, तर मागणारे कोणीच राहणार नाही.

दादाची झोप उडाली हे मला ठाऊक नव्हते. त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटले. तरीही माझे मत असे आहे, की हल्ले विरळ करावेत, बंद करू नयेत.


उत्तर ३
ओटा, सी.बी.डी. बेलापूर

मी बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. माझी नोकरीची सगळी वर्षे बांधकामाचे आराखडे काढण्यात गेली आणि निवृत्तीनंतर भाच्याने हा खेळ संगणकावर घालून दिला. त्यामुळे आधी छपराचे बघू, कारण त्या प्रश्नाला निश्चित उत्तर आहे.

या खेळात प्रत्येक तुकड्याला आधार लागतो आणि तो जमिनीपासून वर चढत जातो. हातोडा हातात घेऊन एखाद्या तुकड्यावर नजर रोखली की तो रंग दाखवतो. जो थेट जमिनीवर किंवा खडकावर टेकलेला आहे तो निळा दिसतो. तेथून दूर जावे तसा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल होतो. लालच्या पुढचा तुकडा टिकत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की सरळ वर जाताना आधार हळूहळू घटतो, तर आडवे जाताना तो भराभर घटतो. तुमचे आढे दोन्ही भिंतींच्या जोरावर दालनाच्या मध्यापर्यंत आडवे गेलेले असणार. मधल्या तुकड्यापर्यंत आधार पोहोचतच नसेल, म्हणून तो तिन्ही वेळा कोसळला. तो तुम्ही शंभर वेळा बसवला असता तरी कोसळलाच असता. बसवणाऱ्या हाताचा त्यात काही दोष नव्हता.

यावर उपाय आपल्या कोकणातल्या घरांनी फार पूर्वीच काढलेला आहे. माजघराच्या मधोमध खांब असतात आणि आढ्याचा भार ते थेट जमिनीत नेतात. तुम्हीही दालनाच्या मध्यरेषेवर तीन किंवा चार खांबांची रांग द्या. त्यासाठी काळ्या जंगलातील पाइनच्या झाडांपासून मिळणारे गाभ्याचे लाकूड वापरा, कारण साध्या लाकडापेक्षा ते आधार अधिक उंचीपर्यंत टिकवते. खांब जमिनीतच रोवा, लाकडी तक्तपोशीवर उभे करू नका. मग आढ्याकडे पाहा, मधला तुकडा आता हिरवा किंवा पिवळा दिसेल. पुढे दलदलीतून लोखंड मिळाले, की लोखंडी पट्ट्यांचे खांब वापरून मधले खांब कमी करता येतील. मात्र मला स्वतःला खांबांची रांग आवडते. तिच्यामुळे लांबट दालनाचे आपोआप दोन भाग पडतात आणि एकीकडे स्वयंपाक, दुसरीकडे निजण्याची जागा अशी विभागणी भिंत न घालता होते.

धुराचेही तसेच. तो खरोखर वर चढतो आणि वाट मिळाली नाही तर कोंडतो. आढ्याच्या खाली, शेकोटीच्या बरोबर वर, एका तुकड्याएवढी जागा उघडी ठेवा आणि तिच्यावर थोड्या उंचीवर दुसरे छोटे छप्पर घाला. धूर बाजूंनी निघून जातो आणि पाऊस आत येत नाही. शेकोटी लाकडी जमिनीवर मांडता येत नाही, म्हणून तक्तपोशी घालताना तेवढा मातीचा चौकोन मोकळा सोडावा. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर एक तुकडाभर काढा. उघड्यावरचे लाकूड पावसात खराब होत होत निम्म्या मजबुतीपर्यंत येते. त्याच्या खाली ते जात नाही आणि कामाच्या मेजाच्या टप्प्यात असताना हातोड्याने फुकट दुरुस्त होते, तरी भिंती कोरड्या ठेवाव्यात हे बरे. माझ्या घराला मी तिन्ही बाजूंनी पडवी काढली आहे आणि पाऊस लागला की मी पात्राला त्या पडवीत नुसते उभे करून ठेवते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. भिंती कशासाठी, असे खारघरच्या भावाने विचारले. मी ज्या वसाहतीत राहते तिच्याकडे पाहून त्याचे उत्तर देते. ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखली. साधारण आठ मीटर लांबीरुंदीचे एक अंगण आणि त्याच्याभोवती सात घरे, असा तिचा मूळ घटक आहे. असे तीन घटक एकत्र येऊन त्यांच्यामध्ये आणखी मोठे अंगण तयार होते. शेजारच्या घराशी कोणत्याही घराची भिंत सामाईक ठेवलेली नव्हती, आणि त्यामागचे कारण असे होते, की प्रत्येक कुटुंबाला ऐपत वाढेल तसे आपले घर वाढवता यावे. आज येथील कित्येक घरे मूळ स्वरूपात उरलेली नाहीत. कोणी मजला चढवला, कोणी ओटा आत घेतला, कोणी सगळेच पाडून नव्याने बांधले. आमच्या घरात माझ्या सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावर एक खोली वाढवली आणि त्या गेल्यानंतर तीच माझी बसण्याची खोली झाली. या सगळ्या भिंती कोणा शत्रूला अडवण्यासाठी उभ्या राहिलेल्या नाहीत. पाऊस, रात्र, आजारपण, पाहुणे आणि वाढती मुले यांच्यासाठी त्या उभ्या राहिल्या.

म्हणून मला असे वाटते, की कोलशेतकरांनी हल्ले खुशाल काढावेत, परंतु पाऊस, रात्र, थंडी आणि जेवण यांना हात लावू नये. त्या खेळात अंग भिजले की दम सावकाश भरतो आणि ओल्या अंगाने झोपताही येत नाही. बिछान्याला छप्पर लागते, जवळ विस्तव लागतो. घराला घरपण येण्यासाठी एवढी गरज पुरेशी आहे.


उत्तर ४
सागरविहार, वाशी

व्हॅलहाइम मी खेळलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी शनिवारी दुपारी सबनॉटिका खेळतो. तो खेळ जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात आपले यान एका परक्या ग्रहावरील समुद्रात कोसळते आणि आपण पाण्याखाली तळ उभारून राहतो. त्यात फ्रीडम नावाचा एक प्रकार आहे. त्यामध्ये भूक आणि तहान नसते, पण श्वास मात्र असतो. आम्ही तोच निवडला. अन्नासाठी दर थोड्या वेळाने मासे पकडत राहणे मुलीला कंटाळवाणे वाटत होते, परंतु प्राणवायू संपत आला की वर जायचे की आणखी दोन हात खाली उतरायचे, हा निर्णय तिला फार आवडतो.

ओटाताईंनी रंगांचे जे सांगितले तसेच त्यातही आहे. तळाच्या भिंतींची मजबुती १० या आकड्यापासून सुरू होते. खोल्या आणि काचा वाढवाव्यात तशी ती घटते, आणि जितके खोल बांधावे तितकी अधिक घटते. मजबुती शून्याच्या खाली गेली की भिंतींना तडे जाऊन पाणी आत येते. मुलीने हौसेने एका खोलीला चारही बाजूंनी काचा लावल्या आणि पाणी गुडघ्यापर्यंत चढले. दोन काचा काढून त्या जागी मजबुतीचे पत्रे बसवल्यावर ते थांबले. एका पत्र्याने मजबुती ७ ने वाढते, हे तिच्या अजूनही तोंडपाठ आहे. त्या दिवशी आमच्यावर कोणी हल्ला केलेला नव्हता, तरी तिची छाती धडधडत होती आणि शेवटच्या तड्याला डागणी देऊन झाल्यावर ती कितीतरी वेळ उरलेल्या खिडकीतून बाहेरचे मासे पाहत बसली होती. त्यामुळे शत्रू काढला म्हणजे खेळातला दाब संपला, हे खारघरच्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही.

लहान मुले बरोबर असतील तर माइनक्राफ्टमधील पीसफुल हा पर्यायही चांगला आहे. त्यात राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. मात्र उंचावरून पडल्यास इजा होतेच, त्यामुळे मुले छपरावर जपून चालायला शिकतात.


उत्तर ५
पांडवकडा, खारघर

ओटाकाकूंचे उत्तर मी दोनदा वाचले. पाऊस आणि रात्र यांचा मी विचारच केला नव्हता, हे प्रांजळपणे मान्य करतो. तरीही एक मुद्दा उरतो. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो आणि त्याला तोंड कसे द्यायचे हे एकदा कळले की झाले. हल्ला मात्र दर वेळी वेगळ्या बाजूने येतो आणि तेव्हा दोघांनी एकमेकांना हाक मारून जागा वाटून घ्यावी लागते. आम्ही दोघे एरवी आठवड्यातून एकदाही भेटत नाही. त्याची पाळी दुपारची, माझी सकाळची. रविवारी ‘मागच्या दाराकडे जा, मी पुढे थांबतो’ असे त्याला ओरडून सांगताना मला लहानपणी गावच्या खळ्यात एकत्र खेळत होतो तसे वाटते. हे मला गमवायचे नाही.


उत्तर ६
पामबीच, नेरूळ

मग तुमचा वाद सोडवणे अगदी सोपे आहे. व्हॅलहाइममध्ये पात्र वेगळे साठवले जाते आणि जग वेगळे. एकच पात्र अंगावरच्या सामानासह आणि शिकलेल्या कौशल्यांसह कोणत्याही जगात उतरू शकते. आठवड्याच्या रात्रींसाठी कोलशेतकरांनी हल्ले नसलेले एक जग ठेवावे आणि रविवारसाठी खारघरकरांनी आपल्या संगणकावर हल्ल्यांचे दुसरे जग सुरू करावे. पाहिजे ते सामान पात्राबरोबर इकडून तिकडे नेता येते.

आणखी एक सुचवते. विश्रांतीच्या लाभाकडे कोलशेतकरांनी लक्ष द्यावे, कारण निवांत खेळणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. छपराखाली विस्तवाजवळ थोडा वेळ काढला की पात्राला ताजेपणा येतो, दम दुप्पट वेगाने भरतो आणि कौशल्ये दीडपट वेगाने वाढतात. तो ताजेपणा किती वेळ टिकेल हे घरातल्या सोयींवर ठरते. सुखसोयींची पातळी १ असेल तर तो ८ मिनिटे टिकतो आणि पुढच्या प्रत्येक पातळीमागे एक मिनिट वाढते. बिछाना, मेज, खुर्ची, हरणाच्या कातड्याचे जाजम, भिंतीवरचा झेंडा, यांपैकी प्रत्येक प्रकार एकदाच धरला जातो, त्यामुळे दहा खुर्च्या मांडून उपयोग नाही, एक एक वस्तू निगुतीने जमवावी लागते. खुर्ची मांडली म्हणून उद्या डोंगरावर एक मिनिट जास्त धावता येते, हे ज्यांनी योजले त्यांना घर म्हणजे काय ते नीट कळलेले आहे, असे मला मनापासून वाटते.


प्रश्नकर्त्याचे निवेदन
कोलशेतकर, ठाणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल आभार. मधल्या आठवड्यात काय केले ते कळवतो.

सोमवारी मी जुन्या जगातले हल्ले बंद केले आणि साहित्य दीडपट करण्याचा विचार सोडून देऊन ते मूळ प्रमाणावरच ठेवले, कारण गाभ्याच्या लाकडासाठी पाइनच्या रानात जायचेच होते आणि तेथे जाण्यायेण्यात दोन रात्री गेल्या, तरी त्या मला लांबवायच्याच होत्या. बुधवारी मध्यरेषेवर चार खांब रोवले. ओटाकाकूंनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खांबावर नजर रोखून पाहिले. खालचा भाग निळा, वरचा हिरवा दिसला. मग आढ्याचा तो मधला तुकडा बसवला आणि हात थांबवून वाट पाहिली. तो पिवळा झाला आणि तसाच राहिला. त्या वेळी बाहेर घोडबंदरच्या बाजूने पाऊस आला होता, आमच्या खिडकीवरच्या पत्र्यावर त्याचा आवाज चालू होता आणि खेळातही पाऊस लागला होता. दोन्ही आवाजांत मी दहा मिनिटे काहीही न करता बसलो होतो. आई पाणी प्यायला उठली, तिने पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘हे कोणाचे घर?’ मी माझे असे सांगितल्यावर तिने चूल कोठे आहे ते विचारले. मी तिला मातीचा चौकोन आणि वरचे धुराडे दाखवले. ‘पडवी हवी होती’ असे ती म्हणाली आणि झोपायला गेली. गुरुवारी पडवी घातली.

भावाच्या मुद्द्यालाही मी किंमत देतो. तो हाक मारतो तेव्हा मलाही तेच गावचे खळे आठवते, हे त्याला मी आजवर कधी सांगितले नव्हते. पामबीचताईंच्या सूचनेप्रमाणे रविवारी त्याच्या संगणकावर नवे जग सुरू केले. तेथे घराची जागा त्याने निवडली, टेकडीच्या कडेला, तिन्ही बाजूंनी उतार असलेली. पहिल्या दिवशी आम्ही फक्त चर खणला आणि एक छोटी झोपडी उभी केली. दार कोणत्या दिशेला ठेवायचे यावर पुन्हा अर्धा तास बोललो आणि शेवटी ते दक्षिणेला, उताराच्या तोंडाशी ठेवले.

काकूंना एक विचारायचे आहे. नदीकाठच्या घरात पडवीचा ईशान्येकडचा कोपरा दोन्ही बाजूंच्या वळचणी जिथे मिळतात तिथे अजून नारिंगी दाखवतो. तेथे बाहेरून खांब दिला तर नदीकडे जाण्याची वाट अडते. खांब आतल्या बाजूने घेऊन त्याला तिरपा टेकू दिला तर आधार पुरेल का?


उत्तर ७
ओटा, सी.बी.डी. बेलापूर

पुरेल. खांब भिंतीलगत जमिनीत रोवा आणि ४५ अंशांचा टेकू खांबाच्या वरच्या टोकापासून काढा, मधून काढू नका. टेकू जितका आखूड असेल तितका चांगला. बसवल्यावर आधी टेकूचा रंग पाहा आणि मग कोपऱ्याचा. टेकूच जर पिवळा दिसला, तर खांब साध्या लाकडाचा आहे असे समजावे आणि तो बदलून गाभ्याच्या लाकडाचा घ्यावा. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.